जुन्या पॅकेज नोंदींची सफाई (लिनक्स)

लिनक्स संगणकावर सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ नावाच्या गठ्ठ्यांत येते, आणि ते बसवण्या-काढण्याचे काम पॅकेज व्यवस्थापक हा प्रोग्रॅम करतो. सॉफ्टवेअर काढून टाकल्यावरही त्याच्या दप्तरात त्याची नोंद मागे राहू शकते. अशा नोंदी शोधणे, पारखणे आणि पुसणे म्हणजे ही सफाई. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जमीन विकली जाते, पण फेरफार होईपर्यंत उताऱ्यावर जुन्या मालकाचेच नाव दिसते. येथेही तसेच घडते.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्सच्या प्रकारामध्ये आणि त्यावर उभ्या असलेल्या उबुंटूमध्ये डीपीकेजी हा मूळ व्यवस्थापक सर्व नोंदी ‘स्टेटस’ नावाच्या एका साध्या मजकूर फाइलीत ठेवतो. ‘रिमूव्ह’ आज्ञेने प्रोग्रॅम जातो, सेटिंगच्या फाइली मात्र राहतात. पॅकेजांच्या यादीत अशा नावापुढे ‘आरसी’ दिसते: ‘आर’ म्हणजे काढलेले, ‘सी’ म्हणजे फक्त सेटिंग उरलेले. ही चूक नव्हे, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. तेच पॅकेज पुन्हा बसवले की जुनी मांडणी परत मिळते. सेटिंगसकट नोंद पुसायची असेल तर ‘पर्ज’ करावे लागते. उबुंटूच्या जुन्या यंत्रांवर अशा बहुतेक नोंदी जुन्या कर्नलांच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांच्या) असतात व त्या पुसण्यात फारसा धोका नसतो.

सीमाभागातल्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका मराठीत आणि फलक कन्नडमध्ये असे काम एकाच यंत्रावर चालते. त्यामुळे दोन्ही लिप्यांचे फॉन्ट आणि टंकलेखनाची साधने वर्षानुवर्षे बसवली व काढली जातात. काही फॉन्ट पॅकेजे आपल्या फॉन्टक्रमाची फाइल ‘ईटीसी’ (etc) या सेटिंग फाइलींच्या विभागात ठेवतात. फॉन्ट काढल्यावर ती मागे राहिली तर मराठी मजकुरासाठी कोणता फॉन्ट आधी निवडायचा, यावर तिचा परिणाम होत राहू शकतो. ‘आरसी’ नोंदींकडे लक्ष द्यावे ते मुख्यतः यासाठी; डिस्कवर त्या जागा जवळपास घेतच नाहीत. जागा अडते ती उतरवून ठेवलेल्या पॅकेज फाइलींनी, आणि ती मोकळी करायला ‘ॲप्ट क्लीन’ ही वेगळी आज्ञा आहे (ॲप्ट म्हणजे डीपीकेजीच्या वरचे, पॅकेज उतरवून बसवणारे साधन).

२०२० च्या ॲप्ट २.० पासून सर्व ‘आरसी’ नोंदी एका आज्ञेत पुसता येतात. तरीही यादी आधी डोळ्यांखालून घालावीच. पोस्टग्रेसक्यूएलसारख्या डेटाबेसचे पॅकेज ‘पर्ज’ करताना विदाही (साठवलेली माहिती) पुसायची का, असे विचारले जाते. घाईत ‘हो’ म्हटले तर गिऱ्हाइकांचा हिशेब कायमचा जातो. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या सेटिंगला मात्र ‘पर्ज’ हात लावत नाही.

फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात आरपीएम हा व्यवस्थापक वेगळ्या रीतीने वागतो. पॅकेज काढताना बदललेली सेटिंग फाइल ‘आरपीएमसेव्ह’ शेपटीने बाजूला ठेवली जाते, नोंद उरत नाही.

‘स्टेटस’ फाइल हाताने कधीही खोडू नये. ती बिघडलीच, तर ‘व्हार’ विभागातल्या ‘बॅकअप्स’ फोल्डरमध्ये तिच्या अलीकडच्या प्रती सापडतात.