सडा, खाडी आणि वॉट-तास

नकाशावर कोकणचा सागरी रस्ता पाहिला की वाटतं, समुद्राच्या कडेकडेने जायचं म्हणजे रस्ता सपाटच असणार. गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळच्या जेट्टीवर यायचं, फेरीबोटीने जयगडला उतरायचं, मग गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड. प्रत्यक्षात खाडी आली की उतार, खाडी ओलांडली की चढ, वर जांभ्याचा उघडाबोडका सडा, म्हणजे खडकाळ पठार, सडा संपला की खाली पुन्हा माडांचं गाव आणि पुढची खाडी. साध्या सायकलवर हा रस्ता केलेल्यांच्या मांड्यांना हे पाठ आहे. ई-सायकल घेऊन पहिल्यांदाच निघणारा मात्र ‘एका चार्जमध्ये ८० किलोमीटर’ या दुकानदाराच्या वाक्यावर भिस्त ठेवतो आणि दुपारी कुठल्यातरी सड्यावर, सावलीला एक झाड नसताना, पंचवीस किलोची सायकल ढकलत बसतो.

लांबच्या प्रवासात किलोमीटरचा हिशेब उपयोगाचा नाही, वॉट-तासांचा करावा (असे हजार झाले की विजेचं एक युनिट). हिशेब शाळेतलाच आहे: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. स्वार, सायकल आणि सामान मिळून १२० किलो धरा. १०० मीटर उंचीचा एक सडा चढायला १,१७,६०० ज्यूल लागतात, म्हणजे जवळपास ३३ वॉट-तास. मोटर, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर आणि वायरी त्यातला आपला हप्ता उष्णतेच्या रूपाने कापून घेतात. बॅटरीतल्या ऊर्जेपैकी चाकापर्यंत साधारण तीन चतुर्थांश पोचते असं मानलं, तर तोच सडा बॅटरीला ४४ वॉट-तासांना पडतो. ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत एकूण ५०४ वॉट-तास असतात. दिवसात असे सहा सडे आले तर निम्मी बॅटरी नुसत्या चढणीतच संपली. सपाटीवरचं अंतर अजून मोजलेलंच नाही.

घाटात हा हिशेब आणखी झोंबतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचं तर चढण सुमारे १,३०० मीटरची. चाकावर ४२५ वॉट-तास, म्हणजे बॅटरीतून ५६५ च्या आसपास. पायडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर जाणाऱ्याची बॅटरी वर पोचायच्या आधीच हात वर करणार, हे पोलादपूरच्या स्टँडवर चहा पितानाच सांगता येतं.

मग लोक शेकडो किलोमीटर जातात ते कसे? पायांच्या जोरावर. धट्टाकट्टा पण खेळाडू नसलेला माणूस तासन्‌तास १०० वॉट देऊ शकतो. दिवसाचे पाच तास मारले तर ५०० वॉट-तास झाले, म्हणजे एक अख्खी बॅटरी. स्नायूंची कार्यक्षमता पाव हिश्श्याच्या आतबाहेर असते, म्हणून त्यासाठी सुमारे १,८०० किलोकॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. कोकणात ही अडचण कुणाला वाटल्याचं ऐकिवात नाही.

वेगाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती घनाच्या. वर सांगितलेल्या सायकलला सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरला साधारण ११५ वॉट पुरतात, २५ ला १८५ लागतात. तासाला पाच किलोमीटर जास्त मिळवण्यासाठी एवढी किंमत मोजायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तो सौदा पटत नाही. तसाही आपल्याकडे नोंदणी आणि लायसन्स न लागणाऱ्या ई-सायकलला २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर हीच मर्यादा आहे.

आता घाटातली नेहमीची तक्रार. डिस्प्लेवर बॅटरीच्या दोन कांड्या शिल्लक असतात, चढ लागतो आणि मोटर एकदम बंद पडते. वैतागून बाजूला बसावं, पाणी प्यावं, पुन्हा बटण दाबावं, तर सगळं ठणठणीत चालू! यात भुताटकी नाही, ओहमचा नियम आहे. ३६ व्होल्टच्या बॅटरीत लिथियम-आयनच्या सेलचे दहा गट एकामागोमाग जोडलेले असतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो, तो ३ व्होल्टच्या आसपास उतरला की आतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. समजा तो ०.१५ ओहम आहे. चढावर मोटरने १५ अँपिअर खेचले की सव्वादोन व्होल्ट आतल्या आतच पडतात. ओढ नसताना ३२ व्होल्ट दाखवणारी बॅटरी त्या क्षणी तिशीच्या खाली जाते आणि सर्किटला वाटतं, संपली. ओढ थांबली की व्होल्टेज परत चढतं. उपाय त्या आकड्यांतच आहे: असिस्टची, म्हणजे मोटरच्या मदतीची, पातळी खाली आणा, हलका गिअर टाका, पाय जास्त चालवा. सात अँपिअरवर पडझड एका व्होल्टच्या आसपास राहते आणि त्याच बॅटरीवर आणखी काही किलोमीटर निघतात.

दुसरा त्रास मोटरच्या उष्णतेचा. चाकाच्या मधोमध मोटर बसवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टनला १८९५ साली मिळालेल्या पेटंटमध्ये मागच्या चाकात मोटर असलेली सायकलच दाखवली आहे. या हब मोटरला गिअर बदलता येत नाहीत, चाक फिरेल त्याच तालात ती फिरते. फिरणारी मोटर स्वतःही उलट दिशेचं व्होल्टेज निर्माण करते आणि त्यामुळेच तिच्यातला करंट आवाक्यात राहतो. घाटात वेग ताशी सात-आठवर आला की हे उलट व्होल्टेज घटतं आणि करंट वाढतो. तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. कंट्रोलर करंटला वरून टोपी घालतो म्हणून मोटर लगेच जळत नाही, पण बॅटरीतली ऊर्जा पुढे सरकण्याऐवजी तारा तापवण्यात जाऊ लागते. पायडलच्या आसाशी बसवलेली मोटर चेन आणि गिअरमधून काम करते, म्हणून चढावर ती आपल्या सोयीच्या गतीने फिरू शकते. मात्र तिचा सगळा जोर चेनवर येतो आणि चेन, दातेरी चक्रं लवकर झिजतात. हब मोटरवाल्याने चढावर वेग फार पडू देऊ नये. पडलाच तर मध्येच थांबून मोटरच्या कवचावर हात ठेवून पाहावं. हात ठेवता येत नसेल तर पंधरा मिनिटं बसावं.

उतारावर बॅटरी परत भरते हा समज कसा कोण जाणे, पण घट्ट बसलेला आहे. बहुतेक ई-सायकलींच्या मोटरमध्ये एकाच दिशेने धरणारा क्लच असतो. उतारावर चाक मोकळं फिरतं, मोटर फिरतच नाही, मग वीज कुठून येणार? थेट चाकाला जोडलेल्या, आत दातेरी चक्रं नसलेल्या मोटरला हे जमतं, पण हाती लागतं ते थोडंच. सहाशे मीटर उतरताना सात लाख ज्यूल ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जिरतात. सतत हलका ब्रेक धरून ठेवला की डिस्क आणि पॅडला निवायला वेळच मिळत नाही. ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून सोडणं चांगलं, आणि पॅड नवे घालून निघणं त्याहून चांगलं.

मोटर बंद पडली की माणसाचं लक्ष आधी बॅटरीकडे जातं, कारण सगळ्यांत महाग वस्तू तीच. पण प्रवासात दगा देतात त्या बहुतेक स्वस्त वस्तू. हँडलवरच्या ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक बारीक स्विच असतो. ब्रेक दाबला की मोटर बंद करायची, एवढंच त्याचं काम. सायकल आडवी पडली, लिव्हर वाकला किंवा लाल माती आत गेली की लिव्हर पूर्ण मागे येत नाही. कंट्रोलरच्या लेखी ब्रेक दाबलेलाच राहतो आणि मोटर ढिम्म हलत नाही. लिव्हर बोटाने बाहेर ढकलून पाहावा. तेवढ्याने भागलं नाही आणि स्विचची वायर वेगळी असेल, तर तिचा कनेक्टर सोडावा. ब्रेक लागतोच, फक्त मोटर आपोआप बंद होत नाही, तेवढं ध्यानात ठेवून चालवायचं. अनेक सायकलींत वेग मोजायला स्पोकवर एक चुंबक असतो आणि समोरच्या सेन्सरपासून त्याचं अंतर काही मिलिमीटरच हवं. टेम्पोत सायकल घातली, दोरी आवळली, चुंबक सरकला, की डिस्प्लेवर एररचा आकडा येतो आणि माणूस दुकानदाराला फोन लावत बसतो. कनेक्टरवर बाण कोरलेले असतात, बाणासमोर बाण धरून सरळ दाबायचं. पिळून बसवायला गेलं की आतल्या पिना वाकतात, आणि वाकलेली पिन रस्त्याच्या कडेला सरळ करणं हे शहाण्या माणसाचं काम नव्हे.

मागच्या चाकात मोटर असेल तर पंक्चर झाल्यावर चाक काढायच्या भानगडीत शक्यतो पडू नये. आसाच्या दोन बाजू चपट्या घासलेल्या असतात आणि शेजारी हुकासारखा दाता असलेला एक वायसर असतो. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा आसाला तेवढ्याच जोराने मागे पिळते आणि तो पीळ हा वायसर अडवतो. चाक परत बसवताना तो उलटा लागला किंवा नट ढिला राहिला, तर आस फ्रेममध्ये गर्रकन फिरतो आणि त्यातून येणारी मोटरची वायर कापून टाकतो. गावातल्या पंक्चरवाल्याला यातलं काही सांगावं लागत नाही, कारण चाक जागेवर ठेवूनच पंक्चर काढायची त्याची पद्धत असते. तो सायकल आडवी पाडतो, पट्टीने टायरची एक कड रिमबाहेर काढतो आणि वॉल्व्ह जागेवरच ठेवून ट्यूब बाहेर ओढतो. हवा भरून ट्यूबचा एकेक तुकडा घमेल्यातल्या पाण्यात बुडवत जातो. बुडबुडे दिसले की तिथे बोट ठेवतो, ट्यूब फडक्याने कोरडी करतो, पॉलिश पेपरने घासतो, सोल्युशन लावून फुंकर मारतो आणि वाळेस्तोवर तुमच्या बॅटरीची किंमत विचारून घेतो. मग पॅच, वर हातोडीच्या दोन टिचक्या, आणि शेवटी टायरच्या आतून बोट फिरवून काटा किंवा तार राहिली नाही ना, हे पाहतो. शिकून घ्यावा तो हा शेवटचा भाग. चाक काढायचीच वेळ आली तर आसाच्या मापाचा पाना जवळ हवा. तो बहुतेक वेळा १८ मिलिमीटरचा लागतो आणि सायकलच्या साध्या किटमध्ये नसतो.

स्पोक तुटतात ते खड्ड्याने, असं वाटतं. खड्डा निमित्ताला. चाक फिरताना जमिनीच्या बाजूला आलेल्या स्पोकवरचा ताण क्षणभर कमी होतो आणि पुन्हा वाढतो. परिघ २.१ मीटरचा असेल तर १०० किलोमीटरमध्ये हे जवळजवळ ४८,००० वेळा घडतं. ढिल्या स्पोकमध्ये हा चढउतार जास्त बाधतो, धातू थकतो आणि वाकलेल्या मानेशी तो तुटतो. मागच्या चाकावर मोटर आणि सामान दोन्ही असल्याने तिथे हे आधी होतं. हब मोटरचे स्पोक आखूड असतात, ते माप गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. चार-पाच जादा स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून न्यावेत.

समुद्राकाठी आणखी एक शत्रू असतो, मीठ. ओल्या कनेक्टरमध्ये मिठाचं पाणी शिरलं की दोन पिनांमध्ये ३६ व्होल्टचं विद्युत-अपघटन सुरू होतं आणि धन बाजूची पिन खाल्ली जाते. हिरवट पूड दिसली तर हेच चाललं आहे. म्हणून सायकल पुळणीवर समुद्राच्या पाण्यातून चालवून फोटो काढू नयेत. संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी. पाइपचा जोरदार फवारा मात्र नको. पावसाच्या शिंतोड्यांना पुरणारं सील दाबाच्या पाण्याला पुरत नाही.

चार्जिंगला खानावळवाले सहसा नाही म्हणत नाहीत, पण ‘बिल किती येईल’ ही शंका चेहऱ्यावर दिसते. दोन अँपिअरचा चार्जर भिंतीतून १०० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे छताच्या साध्या पंख्याहून थोडा जास्त. रिकामी बॅटरी भरायला सात तासांहून जास्त लागतात आणि युनिट एकसुद्धा पुरतं होत नाही. जेवणाच्या दोन तासांत दीडशे वॉट-तास आत येतात, म्हणजे तीन सडे. बॅटरी उन्हात तापून आली असेल तर आधी सावलीत निवू द्या. तापलेली बॅटरी भरली की सेल लवकर म्हातारे होतात. लडाख-स्पितीत उलटं असतं. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर सेलमध्ये लिथियम धातूचा थर साचतो आणि तो पुन्हा निघत नाही, त्यामुळे तिथे बॅटरी रात्री खोलीत घ्यावी.

चार्जर बिघडला तर दुसऱ्या कुणाचा लावण्याआधी त्यावरचा आकडा वाचा. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीला बरोबर ४२ व्होल्टचा चार्जर लागतो. ‘३६ व्होल्ट’ असंच लिहिलेला लेड-अ‍ॅसिडचा चार्जर ४२ व्होल्टच्याही वर जातो. जोरात आपटलेली, पोचा आलेली, आत पाणी गेलेली, फुगलेली किंवा गोडसर वास येणारी बॅटरी चार्जच करायची नाही. ती घराबाहेर, वाळूवर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवायची. आतला एक सेल तापून फुटला की शेजारचे पेटत जातात, आणि लॉजच्या खोलीत तशी बॅटरी उशाशी घेऊन झोपणं निव्वळ वेडेपणा आहे.

शेवट गोव्यात होणार असेल तर परतीचं आधीच ठरवा. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांवरची बॅटरी सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही, त्यामुळे दाबोळी असो की मोपा, तुमची ५०० वॉट-तासांची बॅटरी काउंटरवरच अडणार. रस्त्याने टेम्पोत पाठवायची तर ती सायकलवरून काढा, अर्धीमुर्धी भरलेली ठेवा, टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि सायकलच्या वजनाखाली येणार नाही अशी बांधायला सांगा.