चुन्यातला मका आणि झेंडूची वाट : मुलांना मेक्सिकोचं घर दाखवण्याआधी

मक्याचे वाळलेले दाणे मोठ्या पातेल्यात घ्यायचे, भरपूर पाणी घालायचं आणि किलोमागे साधारण दहा ग्रॅम खायचा चुना. अर्धा-पाऊण तास उकळून रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी दाणा दोन बोटांत चोळला की साल बुळबुळीत होऊन सुटून येतं. पाणी पिवळंजर्द झालेलं असतं. दाणे तीन-चार पाण्यांनी धुऊन पाट्यावर वाटले की जो गोळा होतो तो कडेने फाटत नाही. मक्याच्या पिठाची भाकरी थापणाऱ्या कुणालाही त्याचं नवल वाटेल, कारण त्या पिठाला गरम पाण्याचा हात लावला तरी ते धड जुळून येत नाही.

सातवी-आठवीच्या मुलांना मेक्सिकोतलं घर, सणवार, खाणंपिणं शिकवायचं झालं की मी या पातेल्यापासून सुरुवात करते. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळायचा. या गोळ्याला तिकडे ‘मासा’ म्हणतात, चुन्यात शिजवलेल्या मक्याला ‘निश्तामाल’. हा शब्द नावात्ल भाषेतला, म्हणजे अझ्टेक लोकांच्या भाषेतला, आणि ती भाषा आजही लाखो लोक घरात बोलतात. मासाची पातळ चकती तापल्या तव्यावर भाजली की तोर्तिया. तोच मासा चरबीत फेटून, सारण भरून, मक्याच्या पानात गुंडाळून वाफवला की तामाल.

यामागचा इतिहास फार लांबवर जातो. मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी लोकांनी तेओसिन्ते नावाच्या रानगवतापासून मका घडवला. त्या गवताच्या कणसात पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून त्याचं आजचं कणीस झालं. चुन्याची युक्तीही तीन हजारांहून अधिक वर्षांची आहे. त्यामुळे मक्यातलं ब-३ जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण ही युक्ती काही नेली नाही. पुढे इटली आणि स्पेनमध्ये मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना या जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या पेलाग्रा रोगाने ग्रासलं : कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा. दाणा घेतला आणि बाईचं ज्ञान मागे ठेवलं, एवढं सांगितलं तरी मुलं गप्प होऊन ऐकतात.

कारण हे ज्ञान बाईचंच होतं, आणि कष्टही तिचेच. मेताते म्हणजे तीन पायांचा उतरता दगडी पाटा. त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसून पहाटेपासून चार-पाच तास वाटायचं, तेव्हा घरादाराच्या तोर्तिया व्हायच्या. आपल्याकडे जात्यावर पहाट व्हायची तशी तिकडे मेतातेवर. १९२० ते १९४०च्या दरम्यान गावोगाव निश्तामाल दळणाऱ्या गिरण्या आल्या. बऱ्याच पुरुषांना त्या रुचल्या नाहीत. तोर्तियाला चव राहत नाही, बायका गिरणीवर जमून गप्पा मारतात, अशी त्यांची तक्रार. तरी बायकांनी गिरण्या मागितल्या. लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना (१९३४–४०) कित्येक गावांत त्यांनी सहकारी गट करून स्वतः चालवल्याही. माझ्या मते मेक्सिकोतल्या कुटुंबाचा विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा बदल हाच आहे, आणि मुलांसाठीच्या पुस्तकांत तो क्वचितच सापडतो.

याच काळात या मक्याशी आपल्या मातीतला एक माणूस जोडला गेला. वर्ध्याला जन्मलेले पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. देश सोडून फिरत फिरत ते १९२४च्या सुमारास मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि तेओसिन्ते यांच्या संकराचे प्रयोग त्यांनी केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्या वेळी मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंती रंगवत होता. एका भित्तिचित्रात, सगळ्यांसाठी भाकर वाटून घेणाऱ्या पंक्तीत, त्याने खानखोजे यांना बसवलं. चापिंगोत आता त्यांचा पुतळा आहे. नागपूर-वर्ध्याच्या मुलांना मेक्सिको शिकवताना हा धडा वगळला तर आपणच आपलं नुकसान केलं.

आता नात्यांकडे. १३ ऑगस्ट १५२१ रोजी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. पुढची तीनशे वर्षं स्पॅनिश सत्ता. डुक्कर, गाय, गहू, तांदूळ, ऊस, कांदा, लसूण, कोथिंबीर हे सारं तेव्हा आलं. त्याच काळात देवीचे रोग आणि वेठबिगारीने गावंच्या गावं उजाड झाली. तेरा वर्षांच्या मुलाला हे सांगावं का, असं पालक विचारतात. सांगावं. कारण मेक्सिकोतलं एक फार जिव्हाळ्याचं नातं त्या काळात घट्ट झालं. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मपिता आणि धर्ममाता नेमायचे, ही चर्चची रीत. मेक्सिकोत त्यातून ‘कोम्पाद्रे-कोमाद्रे’ हे नातं रुजलं : मुलाचे आईवडील आणि धर्मपालक एकमेकांचे जन्माचे सोयरे. आईवडील गेले तर पोराकडे पाहायला कुणीतरी हवं, आणि रोगराईच्या दिवसांत ही गरज खरीखुरी होती.

आजही मुलगी पंधरा वर्षांची झाली की होणाऱ्या ‘किन्सेआन्येरा’ सोहळ्यात ही माणसं उभी राहतात. केकचा खर्च एक उचलतो, वाजंत्र्यांचा दुसरा, पोशाखाचा तिसरा, आणि प्रत्येकाला त्या त्या वस्तूचा धर्मपिता म्हणतात. या सोहळ्याचं मूळ अझ्टेक की युरोपीय यावर वाद आहेत. त्यातलं वॉल्ट्झ नृत्य मात्र उघडच युरोपातून आलेलं.

नावांचंही सांगण्यासारखं आहे. वडील गार्सिया, आई लोपेस, तर मूल गार्सिया लोपेस. लग्नानंतर बाईचं कायदेशीर आडनाव बदलत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लावायचं ठरलं आहे, त्यामुळे वर्गात यावर बोलणं सोपं जातं. मुलांना आपलं नाव मेक्सिकोच्या रीतीने लिहायला सांगा. आईचं माहेरचं आडनाव ठाऊक नसलेली मुलं निघतात, आणि मग घरी जाऊन विचारतात.

आणि हे कुटुंब एका जागी थांबलेलं नाही. १९७०च्या आसपास तिथे एका बाईला सरासरी सहा-सात मुलं होत. १९७४ पासून सरकारने मोहीम काढली, घोषवाक्याचा अर्थ ‘लहान कुटुंब अधिक चांगलं जगतं’. आपल्या आजीआजोबांना कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवेल. आज तो आकडा दोनाच्या खाली आहे. पन्नास मामा-मावश्या आणि गिटार घेतलेले आजोबा असं चित्र दाखवून थांबलो तर आजचं घर दिसतच नाही. आजच्या घरात एखादा काका अमेरिकेत कामाला असतो आणि रविवारी दुपारी आजीकडच्या जेवणात तो फोनच्या पडद्यावर असतो.

खाण्याचेही असेच. पडद्यावर पाहून मुलांना ठाऊक झालेले नाचोज १९४०च्या दशकात सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया यांनी अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी केले. मेक्सिको सिटीतला लाडका ‘ताको आल पास्तोर’ लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्मातून घडला. मिरची तिकडून पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली, तर आंबा १५६५ ते १८१५ चाललेल्या मनिला–आकापुल्को जहाजांनी फिलिपिन्सहून तिकडे गेला, आणि आजही तिथली मुलं तो तिखट-मीठ लावून खातात. आपला चिकू तर फळासकट नावानेही तिकडचा : नावात्लमधून स्पॅनिशमध्ये ‘चिकोसापोते’ आणि पुढे आपल्याकडे चिकू. डहाणू-घोलवडच्या मुलांना हे आवर्जून सांगावं.

५ मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे, हेही एकदा स्पष्ट करून टाकावं. तो १८६२ साली पुएब्लाजवळ फ्रेंच सैन्यावर मिळवलेल्या विजयाचा दिवस. स्वातंत्र्याची हाक मिगेल इदाल्गो या पाद्रीने १६ सप्टेंबर १८१० रोजी दिली.

राहिला मृतांचा दिवस, १ आणि २ नोव्हेंबर. शाळांत तो बहुधा चेहऱ्यावर कवटी रंगवून साजरा होतो. ती नटलेली कवटी, कात्रिना, १९१०च्या सुमारास होसे ग्वादालुपे पोसादा याने छापलेल्या एका उपहासचित्रातून आली आणि तिला अंगभर पोशाख रिव्हेराने १९४७च्या भित्तिचित्रात चढवला. मेक्सिको सिटीतली भव्य मिरवणूक तर २०१६ पासूनची, एका जेम्स बाँड चित्रपटातलं दृश्य गाजल्यावर सुरू झालेली. घरातला दिवस याहून कितीतरी शांत असतो.

टेबलावर किंवा कोपऱ्यात ओफ्रेन्दा मांडतात. गेलेल्या माणसाचा फोटो, मेणबत्ती, मीठ, कोपालचा धूप, गोड पाव, त्याला आवडायचं ते जेवण आणि पाण्याचा एक पेला, कारण तो लांबून तहानलेला येतो. बऱ्याच गावांत १ तारीख गेलेल्या लहानग्यांची, २ तारीख मोठ्यांची. आणि दारापासून ओफ्रेन्दापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगाने आणि वासाने येणाऱ्याला घर सापडतं.

आपण दसऱ्याला दाराला बांधतो तोच हा झेंडू. मूळचा मेक्सिकोचा, युरोपीय जहाजांनी जगभर पसरलेला. नावात्लमध्ये त्याचं नाव ‘सेम्पोआल्शोचित्ल’, शब्दशः वीस फुलं, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं फूल. गेल्या वर्षी वर्गात आम्ही ओफ्रेन्दा मांडली तेव्हा एका मुलाने आजीचा फोटो आणला होता. पाण्याचा पेला मी ठेवायला विसरले होते. त्याने न सांगता आपली बाटली उघडली आणि फोटोसमोर ठेवली.