अमूर्त मालमत्ता : मोजणी व प्रकटीकरण

हाताला लागत नाही, पण धंद्याला कमावून देते अशी मालमत्ता: दुकानाचे नाव, ट्रेडमार्क, पेटंट, सॉफ्टवेअर, पाककृती, बांधलेली गिऱ्हाइके, कारागिरांचे कसब. तिची किंमत ठरवणे ही मोजणी. ती भागीदार, बँक व गुंतवणूकदारांपुढे मांडणे हे प्रकटीकरण. बाजारात सरसकट 'गुडविल' म्हणतात, वाणिज्याच्या पुस्तकात 'ख्याती'. पण ख्याती हा या मालमत्तेचा एक भाग झाला.

समजा, बडोद्याला मांडवीजवळ दोन भावांचे तीस वर्षे जुने चिवड्याचे दुकान आहे. ताळेबंदात कढया, वजनकाटा, फ्रीजर, तेलाच्या डब्यांचा साठा, सगळे सापडते. ज्या नावासाठी दिवाळीत रांग लागते, ते मात्र कुठेच नाही. उद्या एखाद्या कंपनीने दुकान विकत घेतले, तर तेच नाव तिच्या ताळेबंदात किमतीसह चढते. लेखा मानक २६ आणि भारतीय लेखा मानक ३८ (हिशेब कसे मांडायचे याचे देशातले नियम) यांनुसार धंद्याने स्वतः उभारलेला ब्रँड वा गिऱ्हाइकांची यादी मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, कारण नाव घडवण्याचा खर्च रोजच्या खर्चातून वेगळा काढता येत नाही. नियमामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण ताळेबंदात नाही म्हणजे किंमतच नाही, ही त्यातून रुजलेली समजूत घातक आहे.

ती महागात पडते वाटणीच्या वेळी. धाकटा वेगळा व्हायला निघाला की हिशेब कढयांचा होतो आणि भांडण नावावरून पेटते. भागीदारीत ख्याती काढायची रूढ रीत सोपी आहे: वर्षाचा सरासरी नफा ६ लाख आणि करारात '३ वर्षांची खरेदी', म्हणजे सरासरी नफ्याच्या तिप्पट, ठरलेली असेल, तर ख्याती १८ लाख. हे कलम भागीदारीच्या करारात आधीच घालायला हवे. ब्रँडसाठी आणखी एक पद्धत आहे: हे नाव दुसऱ्याकडून भाड्याने घेतले असते तर दरसाल किती रॉयल्टी द्यावी लागली असती, ते काढून पुढच्या वर्षांच्या त्या रकमांचे आजचे मूल्य, म्हणजे आज हातात असत्या तर त्यांची जी किंमत झाली असती ती, धरायचे.

ताळेबंदाबाहेर माहिती देण्याला आडकाठी नाही. इन्फोसिसने १९९० च्या दशकात वार्षिक अहवालात ब्रँड व मनुष्यबळाचे मूल्य अशाच जोड-माहितीत दिले. लहान दुकानाला एक पान पुरते: ट्रेडमार्कची नोंदणी कधी संपते (ती १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण होते), वर्षानुवर्षे परत येणारी गिऱ्हाइके किती, आणि मसाल्याचे प्रमाण किती जणांना ठाऊक आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'एकालाच' असेल, तर कर्ज देणाऱ्या बँकेलाही ते कळायला हवे.

नावाचे वजन बडोद्याला नवे नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०८ मध्ये स्थापलेल्या बँक ऑफ बडोदामध्ये २०१९ साली विजया आणि देना या बँका विलीन झाल्या; नाव बडोद्याचेच राहिले. सांखेड्याच्या लाखकाम केलेल्या लाकडी फर्निचरला भौगोलिक मानांकन (विशिष्ट गावच्या वा प्रदेशाच्या मालालाच ते नाव लावण्याचा नोंदलेला हक्क) आहे, पण ती मालमत्ता निराळ्या जातीची. १९९९ च्या कायद्यानुसार मानांकन विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेल्या कारागिराला ते फक्त आपल्या मालावर लावता येते.