साराटोगा युनियन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये मुलाचं नाव घालताना: पत्ता, वय, लसी आणि बाकीचे कागद

पत्त्यात 'साराटोगा' लिहिलेलं असलं म्हणजे मूल साराटोगा डिस्ट्रिक्टच्या शाळेत जाईलच असं नाही. कॅलिफोर्नियात बदली होऊन येणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची पहिली चूक इथेच होते, आणि ती बहुतेकदा भाडेकरारावर सही झाल्यावर कळते.

'डिस्ट्रिक्ट' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जिल्हा येतो, कलेक्टर कचेरी येते, जिल्हा परिषद येते. इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा त्याच्याशी काही संबंध नाही. साराटोगा ज्या सांता क्लारा काउंटीत येतं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), त्या एकट्या काउंटीत असे तीसच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाची हद्द वेगळी आणि प्रत्येकाचं मंडळ मतदारांनी निवडून दिलेलं. 'युनियन' हा शब्दही कामगार संघटनेचा नाही. पूर्वीच्या छोट्या छोट्या शाळा-हद्दी एकत्र करून एक डिस्ट्रिक्ट केलं, म्हणून युनियन.

साराटोगा युनियन हे अगदी आटोपशीर डिस्ट्रिक्ट. आर्गोनॉट, फूटहिल आणि साराटोगा एलिमेंटरी या तीन प्राथमिक शाळा, त्यानंतर सहावी ते आठवीसाठी रेडवूड मिडल स्कूल. एवढाच पसारा, विद्यार्थी दोन हजारांच्या आत. आठवी झाली की डिस्ट्रिक्ट संपतं. नववीपासून लॉस गॅटोस-साराटोगा हे दुसरंच हायस्कूल डिस्ट्रिक्ट लागतं, त्याचं कार्यालय वेगळं आणि मंडळही वेगळं.

आता हद्दीकडे. साराटोगा शहराच्या आत ब्लू हिल्स आणि मॅकॉलिफ या शाळा आहेत, पण त्या क्युपर्टिनो युनियन डिस्ट्रिक्टच्या. मार्शल लेन शाळाही साराटोगातच, ती कॅम्पबेल युनियनची. प्रॉस्पेक्ट हायस्कूलच्या पत्त्यात साराटोगा आहे, पण चालवतं कॅम्पबेलचं हायस्कूल डिस्ट्रिक्ट. म्हणजे एकाच शहरात रस्ता ओलांडला की शाळा बदलते. घर दाखवणारा एजंट 'साराटोगा स्कूल्स' म्हणाला तर त्याच्यावर विसंबू नका. भाडेकरार करण्याआधी घरक्रमांकासह पूर्ण पत्ता डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला कळवून विचारा. फक्त झिपकोड, म्हणजे इथला पिनकोड, देऊन उपयोग नाही, कारण एका झिपकोडात दोन-तीन डिस्ट्रिक्ट बसतात. पत्ता हद्दीत असला तरी जवळच्या शाळेत त्या इयत्तेची जागा भरलेली असेल, तर मुलाला डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेत पाठवलं जाऊ शकतं, हेही धरून चाला.

वय

राज्याचा नियम सरळ आहे. १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर किंडरगार्टन, सहा झाली असतील तर पहिली. त्याआधीच्या 'ट्रान्झिशनल किंडरगार्टन'ला, ज्याला सगळे टीके म्हणतात, २०२५-२६पासून १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेलं मूल पात्र आहे. टीके आणि किंडरगार्टन सक्तीचं नाही. सक्तीचं शिक्षण सहाव्या वर्षापासून.

महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचा घोळ होतो. नोव्हेंबर २०१९मध्ये जन्मलेलं मूल जून २०२५मध्ये पुण्यात पहिलीत बसतं. ऑगस्टमध्ये इथे आलं की वयानुसार ते किंडरगार्टनचं. 'आमचं मूल मागे पडतंय' म्हणून आईबाप हिरमुसतात. शाळेशी बोलायला हरकत नाही, पण वय हाच पाया असतो. मला विचाराल तर भांडू नका. नवा देश, नवी भाषा, नवा डबा, एवढं सगळं असताना वर्गात थोडं मोठं असणं त्या पोराला सोयीचंच पडतं.

वयाच्या पुराव्याला जन्मदाखला किंवा पासपोर्ट चालतो. दाखल्यावर फक्त मराठी मजकूर असेल तर पासपोर्ट पुढे करा, भाषांतराची भानगड वाचते. शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्याकडचा परमपवित्र कागद. इथे त्यावाचून प्रवेश अडत नाही. तरी मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका बरोबर असू द्या, विशेषतः मूल रेडवूडमध्ये जाणार असेल तर. गणिताचा कोणता गट द्यायचा हे ठरवताना त्या दाखवता येतात.

राहण्याचा पुरावा

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात यासाठी चालणाऱ्या कागदांची यादीच दिली आहे: मालमत्ता कराची पावती, भाडेकरार किंवा भाड्याची पावती, वीज-पाणी-गॅसचं बिल, पगाराची पावती, मतदार नोंदणी, सरकारी खात्याकडून आलेलं पत्र, किंवा पालकाचं निवासाबद्दलचं प्रतिज्ञापत्र. यातले कोणते किती लागतील ते नोंदणीच्या अर्जावर लिहिलेलं असतं. नव्याने आलेल्यांना अडचण बिलाची येते, कारण पहिलं बिल यायला महिना जातो. कनेक्शन सुरू केल्याचं पत्र नाव आणि पत्त्यासकट काढून ठेवा. भाडेकरारात दोघांची नावं घाला, नाहीतर ज्याचं नाव आहे तो ऑफिसात आणि अर्ज भरणारा घरी, असं होतं.

नातेवाइकांच्या घरी उतरला असाल, स्वतःचा करार नसेल, तर घरमालकाचं लेखी निवेदन जोडून अर्ज करण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. मूल आईवडिलांशिवाय मामाकडे किंवा आजीकडे कायम राहत असेल, तर त्या नातेवाइकाने 'केअरगिव्हर' प्रतिज्ञापत्र भरायचं असतं. मात्र चांगल्या शाळेसाठी मावशीचा पत्ता द्यायचा आणि राहायचं भलतीकडेच, हा उद्योग करू नका. डिस्ट्रिक्टला पत्त्याची चौकशी करण्याचा अधिकार आहे, आणि वर्षाच्या मध्यात मुलाला शाळेतून उठवावं लागलं तर त्रास मुलालाच होतो.

व्हिसाबद्दल दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवायच्या. शाळा तुमचा इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाही, सोशल सिक्युरिटी नंबरही मागत नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्येच ठरवलं आहे. पण व्हिसाच्या स्वतःच्या अटी असतात, त्या पाळायची जबाबदारी तुमची. एच-४, एल-२ किंवा एफ-२वर, म्हणजे नोकरदाराच्या किंवा विद्यार्थ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आलेलं मूल बिनधास्त सरकारी शाळेत जाऊ शकतं. पर्यटक व्हिसावर 'तीन महिने शाळा बघू दे' म्हणून नाव घालता येत नाही. मुलाच्या स्वतःच्या नावावर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा काढून सरकारी प्राथमिक किंवा मिडल स्कूलमध्ये शिकता येत नाही.

लसी: इथेच गाडी अडते

बाकी सगळे कागद दोन दिवसांत जमतात. लसीचं कार्ड मात्र भारतातूनच नीट करून आणावं लागतं. किंडरगार्टन ते बारावीसाठी कॅलिफोर्निया पोलिओ, डिप्थेरिया-टिटॅनस-डांग्या खोकला, गोवर-गालगुंड-रुबेला, हिपॅटायटिस बी आणि कांजिण्या यांच्या लसी मागते. सातवीत जाताना टीडॅपचा, म्हणजे डिप्थेरिया-टिटॅनस-डांग्या खोकल्याचाच, बूस्टर लागतो. २०१६पासून 'वैयक्तिक श्रद्धा' हे कारण सांगून सूट मिळत नाही. मिळते ती फक्त वैद्यकीय कारणाने.

आपल्याकडची मुलं नेमकी कुठे अडकतात ते सांगते. पहिलं, गोवराची लस. भारतात तिचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. कॅलिफोर्निया पहिल्या वाढदिवसानंतरचेच डोस मोजते, म्हणून तो नववा महिना हिशेबातून बाद होतो. शिवाय सरकारी कार्यक्रमातली एमआर लस गोवर आणि रुबेलाची, तिच्यात गालगुंड नाही. इथे गालगुंडाचेही डोस लागतात. सरकारी दवाखान्याचं कार्ड पूर्ण भरलेलं असलं तरी इथे ते अर्धवट ठरतं, ते यामुळे.

दुसरं, पोलिओ. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर पाजलेले थेंब कार्डावर कितीही असोत, १ एप्रिल २०१६नंतर तोंडावाटे दिलेला डोस इथे धरत नाहीत. सुईने दिलेली पोलिओ लस मोजली जाते. तिसरं, कांजिण्या. ही लस भारताच्या सरकारी कार्यक्रमात नाहीच, खासगी बालरोगतज्ज्ञांकडे घेतलेली असेल तरच असते. इथे तिचे दोन डोस हवेत, आणि दोन डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं. म्हणून तिकीट काढण्याच्या तीन-चार महिने आधी बालरोगतज्ज्ञांकडे बसा, सगळ्या डोसांच्या तारखा इंग्रजीत, दिवस-महिना-वर्षासह लिहून सही-शिक्का घ्या. महिना अक्षरात लिहायला सांगा. ०५/०३ म्हणजे आपल्याकडे ५ मार्च, इथे ३ मे. एवढ्यावरून डोस 'वेळेआधी दिला' म्हणून नामंजूर होऊ शकतो.

पुढचा डोस घ्यायची वेळ अजून आलेली नसेल, तर मुलाला सशर्त प्रवेश मिळतो आणि ठरलेल्या मुदतीत डोस पूर्ण करून दाखवावा लागतो. वेळ उलटून गेलेला डोस राहिला असेल तर आधी सुई, मग शाळा.

सांता क्लारा काउंटीची आणखी एक अट आहे: क्षयरोगाच्या जोखमीचा अर्ज, इथल्या डॉक्टरांनी भरलेला. भारतात जन्मलेल्या मुलाची त्यात चाचणी सांगतातच. आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी दिलेली असते, तिच्यामुळे हातावरची त्वचा-चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना बीसीजीचं सांगून रक्ताची चाचणी मागा, ती बीसीजीने फसत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे. घाबरण्यासारखं नसतं, पण अपॉइंटमेंट आणि अहवाल यांत आठवडा-दोन आठवडे सहज जातात. त्यात नव्या नोकरीचा आरोग्यविमा सुरू व्हायचा असेल तर आणखी. लहान मुलांसाठी शारीरिक तपासणी आणि दातांच्या तपासणीचेही अर्ज आहेत, ते शाळा सुरू झाल्यावर दिले तरी भागतं.

'घरी कोणती भाषा बोलता?'

नोंदणीच्या अर्जात भाषेचे चार प्रश्न असतात. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं, घरी जास्त कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता, घरातली मोठी माणसं कोणती बोलतात. पहिल्या तिन्हींपैकी कुठेही 'मराठी' लिहिलंत की नाव घातल्यापासून ३० दिवसांच्या आत मुलाची इंग्रजीची चाचणी होते, तिला एल्पॅक म्हणतात. हे कळल्यावर बरेच जण सगळीकडे 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. खरं लिहा. चाचणीत इंग्रजी पुरेशी निघाली तर विषय तिथेच संपतो. कच्ची निघाली तर मुलाला रोजच्या वेळापत्रकात इंग्रजीची जादा मदत मिळते, तीही फुकट. दरवर्षी पुन्हा चाचणी होते, आणि निकष पूर्ण केले की 'इंग्रजी शिकणारा' हा शिक्का निघतो. इंग्रजी माध्यमातून आलेलं आपलं मूल वाचन-लेखनात सहसा पुढे असतं, ऐकण्या-बोलण्यात मात्र पहिले काही आठवडे उच्चारांमुळे गडबडतं.

शिक्षण काय मिळतं? अभ्यासक्रमाची चौकट राज्याची. तिसरी ते आठवी दर वसंतात इंग्रजी आणि गणिताची राज्य-परीक्षा होते, पाचवीत आणि आठवीत विज्ञानाचीही. पण त्यात नापास करण्याचा प्रकार नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. आजी-आजोबांना फोनवर 'कितवा आला?' याचं उत्तर देता येत नाही, ही मोठी अडचण. सहावीच्या इतिहासात प्राचीन संस्कृतींबरोबर प्राचीन भारतही येतो, तेव्हा आपली मुलं अचानक वर्गातली तज्ज्ञ होतात. रेडवूडला संगीताचे वर्ग शाळेच्या वेळेतच असतात.

मुलाला शिकण्यात, बोलण्यात किंवा लक्ष देण्यात अडचण असेल तर ती लपवू नका. भारतातला मूल्यमापनाचा अहवाल आणा आणि तपासणीची विनंती लेखी द्या, ईमेल चालते. त्यानंतर डिस्ट्रिक्टने १५ दिवसांत तपासणीचा आराखडा द्यायचा असतो आणि तुमच्या संमतीनंतर ६० दिवसांत बैठक घ्यायची असते. त्या बैठकीत ठरणारी योजना म्हणजे आयईपी. त्यातल्या सेवांचे पैसे पालकांना द्यावे लागत नाहीत. तोंडी विनंतीवर मात्र ही घड्याळं सुरू होत नाहीत.

पैसे

फी नाही. पुस्तकांचे पैसे नाहीत, गणवेश नाही. २०२२-२३पासून राज्यातल्या सरकारी शाळांत प्रत्येक मुलाला रोज दोन वेळचं खाणंही मोफत आहे, उत्पन्नाचा प्रश्नच नाही. शाकाहारी मुलाचा चीज पिझ्झ्यावरच भर राहील, हे आधीच सांगून ठेवते.

तरी शाळा सुरू झाली की देणगीचं पत्र येतं, त्यात दर मुलामागे ठरावीक रक्कम सुचवलेली असते. साराटोगासारख्या डिस्ट्रिक्टची कमाई मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून होते. त्यातून भागत नाही ते पालकांच्या शिक्षण-प्रतिष्ठानाच्या देणग्यांतून येतं. ही देणगी पूर्णपणे ऐच्छिक आहे. ती दिली नाही म्हणून मुलाला कुठल्याही वर्गातून किंवा उपक्रमातून वगळता येत नाही, तसा राज्याचा कायदाच आहे. जमेल तेवढी द्या, न जमल्यास ओशाळू नका.

घर हद्दीबाहेर असेल तर दोन वाटा. आपल्या डिस्ट्रिक्टकडून आणि साराटोगाकडून आंतर-डिस्ट्रिक्ट परवानगी घ्यायची, किंवा आईवडिलांपैकी कोणी या हद्दीत आठवड्याला किमान १० तास नोकरी करत असेल तर त्या आधारावर अर्ज करायचा. दोन्हींत होकार देणं डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर. परवानगी नाकारली तर काउंटीच्या शिक्षण मंडळाकडे ३० दिवसांत अपील करता येतं.

आणि अडलंच तर पाच निवडून आलेल्या विश्वस्तांचं मंडळ आहे. त्याच्या बैठका जाहीर असतात, विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि कुणीही उठून दोन-तीन मिनिटं बोलू शकतं, नागरिक असो वा नसो. शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होते, पुढच्या वर्षाची नोंदणी त्याआधीच्या हिवाळ्यातच उघडते. तुम्ही जूनमध्ये विमानातून उतरत असाल तर कार्यालय उन्हाळ्यात कोणत्या आठवड्यांत बंद आहे ते आधी विचारा, आणि क्षयाच्या चाचणीची अपॉइंटमेंट सामान उघडायच्या आधी घ्या.