रिकामा उडतो, भरला की बसतो: पिकअपच्या मागच्या पाट्यांची पार्श्वभूमी

पिकअप रिकामा असला की खड्ड्यावर मागून उडतो, आणि मागे ट्रेलर जोडला की त्याचं बूड खाली बसतं, नाक वर होतं. रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, स्टिअरिंग हलकं लागतं. अमेरिकेत ही तक्रार पिकअपइतकीच जुनी. त्यावर तिथल्या बाजारात जे मिळतं, म्हणजे जादा पाटे (स्प्रिंग म्हणून एकावर एक रचलेल्या लवचिक पोलादी पट्ट्या), रबरी ठोकळे, हवेच्या पिशव्या, ती सगळी एकाच अडचणीची वेगवेगळ्या काळातली उत्तरं आहेत.

अडचण साधी आहे. कारमध्ये एकटा ड्रायव्हर असो की पाच माणसं, स्प्रिंगवरच्या वजनात फार मोठा फरक पडत नाही. पिकअपचा मागचा भाग मात्र रिकामा असताना समजा ७०० किलो उचलतो आणि हौदा भरला की १४००. माणसाला सेकंदाला एक ते दीड हेलकावे बरे वाटतात. भरलेल्या गाडीला १.३ हेलकावे येतील अशी स्प्रिंग बसवली, तर वजन निम्मं झाल्यावर तीच स्प्रिंग १.८ पर्यंत जाते आणि मागच्या सीटवरचा माणूस कुरकुरतो. रिकाम्या गाडीसाठी मऊ स्प्रिंग घातली, तर भरल्यावर एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) थेट चेसीखालच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखालच्या, रबरी ठोकळ्यावर आदळतो. एका स्प्रिंगला दोन नोकऱ्या, खरं दुखणं हेच.

पाटे मोटारीच्याही आधीचे. १८०४ मध्ये लंडनच्या ओबादाया एलियटने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या टांग्याला पाटे असत, बैलगाडीला नसत. दोन्हीतून प्रवास केलेल्यांच्या कमरेला हा फरक ठाऊक आहे. मोटारीने ही वस्तू घोडागाडीकडून जशीच्या तशी उचलली. १९२५ मध्ये फोर्डने आपल्या मॉडेल टी मोटारीवर कारखान्यातच हौदा बसवून पिकअप विकायला काढला, तेव्हा त्याच्या मागच्या एक्सलवरही आडवे पाटेच होते.

पाटा इतका टिकला कारण तो एकटा तिघांचं काम करतो. वजन पेलतो, एक्सलला जागेवर धरतो, आणि पाटे एकमेकांवर घासतात त्यातून थोडं शॉकअब्सॉर्बरचं कामही होतं. पण तेच घासणं रस्ता बारीक खडबडीत असला की आड येतं. पाटे एकमेकांना धरून बसतात, हलतच नाहीत, आणि दणका सरळ चेसीत जातो. पुढे आलेल्या पॅराबोलिक पाट्यांनी यावर बराच इलाज केला: संख्येने कमी, मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेले, एकमेकांपासून सुटे.

पहिलं शहाणं उत्तर म्हणजे हेल्पर. हे पाहायला अमेरिकेला जायला नको. हायवेच्या कडेला रिकामा ट्रक उभा असेल तर मागच्या चाकाजवळ वाकून पाहा. मुख्य पाट्यांच्या डोक्यावर एक छोटा जुडगा असतो आणि त्याची टोकं चेसीवरच्या टेकूंपासून सुटलेली दिसतात. माल चढला की चेसी खाली येते, टेकू त्या टोकांना भिडतात आणि दुसरी स्प्रिंग कामाला लागते. अमेरिकन पिकअपमध्ये हेच काम बहुतेकदा जुडग्याच्या तळाशी असलेला एक जाड, जवळजवळ सपाट पाटा करतो. दोन नोकऱ्यांसाठी दोन नोकर. याउलट ‘एक पाटा वाढवून टाक’ हा गॅरेजमधला ठरलेला सल्ला म्हणजे त्याच नोकराला दंड-बैठका काढायला लावणं. भरलेली गाडी सावरते, रिकामी आणखी उडते.

१९६० मध्ये शेव्हर्लेने धाडस केलं. नव्या पिकअपला मागे पाट्यांऐवजी कॉइल, म्हणजे वेटोळ्यांच्या, स्प्रिंग दिल्या. कॉइल फक्त वजन पेलते, एक्सलला धरून ठेवणं तिला जमत नाही, म्हणून दोन लांब दांड्यांनी एक्सल चेसीला बांधला. आराम वाढला, पण जड माल नेणाऱ्यांचा पाट्यांवरचा विश्वास हलला नाही. पाटे पर्याय म्हणून मिळत राहिले आणि १९७३ च्या मॉडेलपासून पुन्हा सरसकट आले. गंमत म्हणजे ती दांड्यांची रचना नास्कार या अमेरिकन मोटार शर्यतींतल्या गाड्यांनी उचलली आणि त्यांच्या वरच्या गटात ती २०२१ पर्यंत पळत होती. मालवाहतुकीने नाकारलेलं रेसने अर्धशतक वापरलं.

हवेची वाट वेगळी. हवेच्या स्प्रिंगचं पेटंट अमेरिकेत १९०१ मध्येच निघालं होतं, पण ती खऱ्या अर्थाने रस्त्यावर आली १९५३-५४ च्या सुमारास, जनरल मोटर्सच्या बसमधून. ग्रेहाउंड या बस कंपनीच्या सीनिक्रूझर बसखाली रबरी फुगे होते. आपल्याकडे व्होल्वोच्या शिवनेरीत डुलकी लागते तीही फुग्यांच्याच जोरावर. यातली खुबी अशी की वजन वाढलं की झडप आत आणखी हवा सोडते, उंची तीच राहते आणि स्प्रिंग वजनाच्या प्रमाणात कडक होते, त्यामुळे हेलकाव्यांचा वेग फारसा बदलत नाही. कारमध्ये मात्र सुरुवातीला फजिती झाली. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममधली हवा इतकी गळायची की अनेक मालकांनी ती काढून कॉइल बसवून घेतल्या.

सामान्य माणसाच्या कामाचं उत्तर अर्धवटच होतं आणि म्हणूनच ते चाललं. १९४९ मध्ये मिशिगनच्या लान्सिंगमध्ये सुरू झालेल्या एअर लिफ्ट या कंपनीने मूळ स्प्रिंग न काढता तिच्या जोडीला हवेची पिशवी द्यायला सुरुवात केली. आधी ती कॉइलच्या पोटात जाई, पुढे पाट्यांच्या गाड्यांसाठी एक्सल आणि चेसीच्या मध्ये. ट्रेलर जोडला की हवा भरायची, सोडला की काढायची.

ट्रेलर ओढणाऱ्यांची इथेच एक गफलत होते. ३००० किलोच्या ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या, गोळ्यावर येतो. समजा ४०० किलो. गोळा मागच्या एक्सलच्या १.३ मीटर मागे आणि दोन एक्सलमधलं अंतर ३.७ मीटर असेल, तर तराजूसारखं पुढच्या चाकांवरचं सुमारे १४० किलो वजन उचललं जातं आणि मागच्या एक्सलवर ५४० पडतं. पिशवी फुगवली की गाडी सपाट दिसते, पण ते १४० किलो पुढे परत येत नाहीत. त्यासाठी वजन वाटून देणारा हिच लागतो. त्याच्या ताणलेल्या दांड्या ट्रेलर आणि गाडी यांचा सांधा वर उचलून धरतात आणि भार पुढच्या चाकांकडे ढकलतात. शिवाय एक्सल, टायर आणि ब्रेक तेच असल्यामुळे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली मर्यादा कुठल्याही पिशवीने वाढत नाही.

कॉइल शेवटी परतल्या. २००९ च्या डॉज रॅम १५०० पिकअपमध्ये मागे कॉइल आल्या, २०१३ मध्ये चारही चाकांना हवेचा पर्याय, २०१४ मध्ये रॅमच्या जड २५०० मॉडेललाही कॉइल. टोयोटाच्या टुंड्राने २०२२ मध्ये पाटे सोडले. रॅमचा सगळ्यात जड ३५०० मात्र पाट्यांवरच राहिला. त्याला जादा पैसे मोजले की कारखान्यातूनच पाट्यांच्या जोडीला हवेच्या पिशव्या लावून मिळू लागल्या, लान्सिंगवाले विकत आले तशाच.