जाड व्हॉल्व्ह, बारीक व्हॉल्व्ह: पंप घेण्याआधी चाकाकडे बघा

नवी सायकल घेतली की हेल्मेट, दिवे, कुलूप यांवर घरात चर्चा होते. पंप मात्र दुकानदार हातात ठेवेल तो. मीही तसाच घेतला आणि एका रविवारी डोणज्याजवळ, समोर सिंहगड दिसत असताना, रस्त्याच्या कडेला बसलो. ट्यूब बदलून झाली होती, पण पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर काही केल्या बसेना. ट्यूबला बारीक, प्रेस्टा जातीचा व्हॉल्व्ह, पंप जाड श्रेडर व्हॉल्व्हचा.

श्रेडर तुमच्या रोजच्या पाहण्यातला. स्कूटरला, मोटारीला असतो तोच. साधारण ८ मिलिमीटर जाड, तोंडाशी आटे, आत मधोमध पिन. पिनेखाली स्प्रिंग असते. पिन दाबली की वाट उघडते, सोडली की बंद. अमेरिकेत १८९३ साली त्याचं पेटंट निघालं, आणि मूळ रचना अजून तीच आहे. एमटीबी (डोंगरवाटांची जाड टायरची सायकल) आणि बऱ्याच हायब्रिड सायकलींना (एमटीबी आणि रस्त्यावरची सायकल यांच्या मधल्या) हाच येतो.

प्रेस्टा, म्हणजे फ्रेंच व्हॉल्व्ह, ६ मिलिमीटरचा. सडपातळ, धातूचा, टोकाला बारीक पिन आणि तिच्यावर इवलासा नट. यात स्प्रिंग नसते, ट्यूबमधल्या हवेचा दाबच तो बंद धरून ठेवतो. रोड बाइकची, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात पळवायच्या सायकलची, रिम अरुंद. तिला छोटं भोक सोसतं, म्हणून तिथे हा.

खरी फजिती प्रेस्टाच करतो. आधी टोकाचा नट सैल करायचा, मग बोटाने हलकेच दाबायचं. ‘फुस्स’ झालं की समजायचं, वाट मोकळी. आता पंप लावा. नट न सोडताच पंप मारला तर दांडा दगडासारखा घट्ट लागतो, माणूस वैतागून पंप तिरका ओढतो आणि ती नाजूक पिन वाकते. हवा भरून झाल्यावर नट परत आवळायला विसरू नका.

(आजोबांच्या काळ्या सायकलीचा वॉलट्यूबवाला व्हॉल्व्ह हा तिसराच प्रकार. तो इथे नको.)

पेट्रोल पंपावरची हवा श्रेडरमध्ये थेट जाते. प्रेस्टाला पितळी अडॅप्टर लागतो. दोन-तीन वडापावांच्या पैशांत येतो, सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. हवा भरताना मात्र टायरच्या कडेला छापलेला पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा, वाचून सांगा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते ती किती! तो कॉम्प्रेसर क्षणात फाजील भरतो.

जादा ट्यूब घेतानाही हाच घोळ. श्रेडरची ट्यूब प्रेस्टाच्या भोकात शिरतच नाही. कुणी रिमला ड्रिल मारून देतो म्हणाला तर सायकल उचला आणि निघा. उलट प्रेस्टाची ट्यूब श्रेडरच्या भोकात शिरते, पण डुगडुगते. आत बसवायची छोटी रिंग मिळते, तिने भागतं.

त्या रविवारी सायकल ढकलत खडकवासल्यापर्यंत आलो. पंक्चरवाल्याने टायर नाही, आधी माझा पंप हातात घेतला. तोंडाची टोपी फिरवून काढली, आतला रबर उलटा करून बसवला आणि पंप परत दिला. “काका, दोन्हीला चालतो हा. रबर फिरवायचा फक्त.”