साठ उंदीर आणि वर्षभराची वाट

प्रायॉन, म्हणजे चुकीची घडी पडून रोग पसरवणारं प्रोटीन, शोधायला एवढी वर्षं का लागली, तर माझ्या मते खरी अडचण मोजण्याची होती. एखादी गोष्ट शुद्ध करायची तर दर पायरीला बघावं लागतं की माल वरच्या पाण्यात राहिला की खाली गाळात बसला. आणि हे बघायला टेस्टच नव्हती!

१९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅन्ली प्रुसिनर या तरुण डॉक्टरकडे सीजेडीची (क्रॉइट्झफेल्ट-जेकब डिसीज) एक पेशंट आली, मेंदूचा हा आजार बरा होत नाही, ती गेली, आणि त्या केसने त्यांना झपाटलं. त्यांनी कामाला घेतला मेंढ्यांचा स्क्रेपी, मेंदूचा तसाच आजार, ज्यात मेंढी कुंपणाला अंग घासघासून लोकर घालवते. आजारी मेंदू वाटायचा, डिटर्जंट घालायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, इथपर्यंत ठीक. पण एका सॅम्पलमध्ये रोग किती शिल्लक आहे हे कळायला तो दहा-दहा पट पातळ करत जवळपास ६० उंदरांच्या मेंदूत टोचायचा आणि वर्षभर थांबायचं. वर्षभर! एका सॅम्पलसाठी!

मग हॅमस्टर आले. ते साधारण ७० दिवसांत आजारी पडतात, आणि रोगाचा डोस जितका जास्त तितके लवकर पडतात, म्हणजे नुसते दिवस मोजले तरी अंदाज येतो. चार हॅमस्टर पुरतात. माझ्या लेखी खरा टर्निंग पॉइंट हाच.

आता प्रश्न भराभर विचारता आले. डीएनए-आरएनए कापणारी एन्झाइम्स टाकली, काही फरक नाही. प्रोटीन बिघडवणारी केमिकल्स टाकली की मात्र रोग पसरवायची ताकद घटायची. १९८२ मध्ये प्रुसिनरनी प्रायॉन हे नाव दिलं तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना ते पटलंच नाही, जीन नसलेली गोष्ट वाढेल कशी? पण प्रोटीनेज के हे एन्झाइम बाकी प्रोटीन फस्त करतं, तरी २७ ते ३० किलोडाल्टनचा (प्रोटीनचं वजन मोजायचं एकक) एक तुकडा उरतच होता. १९८५ मध्ये कळलं की त्याचा जीन आपल्याच पेशींत असतो, निरोगी मेंदूतही तेच प्रोटीन असतं. पुढे कळलं की फक्त घडी, म्हणजे आकार, वेगळा, आणि चुकीच्या घडीचं प्रोटीन शेजारच्यालाही तसंच वळवतं. १९९३ मध्ये तो जीन काढलेल्या उंदरांना स्क्रेपी टोचला तर ते आजारीच पडले नाहीत. १९९७ मध्ये प्रुसिनरना नोबेल मिळालं.

आज सीजेडीचा संशय असला तर पेशंटच्या पाठीच्या कण्यातलं थोडं पाणी घेतात, लॅबमध्ये बनवलेल्या चांगल्या प्रोटीनमध्ये टाकतात, प्लेट हलवत ठेवतात, प्रायॉन असेल तर चांगलं प्रोटीनही वळत जातं आणि त्यातला डाय चमकायला लागतो. काही दिवसांत उत्तर, आणि त्यासाठी एकही प्राणी लागत नाही.